मनगटावरचा चंद्र, भिंतीवरचं कालनिर्णय

भारी मेकॅनिकल घड्याळ घ्यायला गेलात आणि दुकानदारानं ट्रेमधून चंद्रकलेचं घड्याळ पुढं केलं, की नजर त्या निळ्या खिडकीवरच अडकते. तबकडीत सहाच्या आकड्याजवळ एक अर्धगोल खिडकी, तिच्या खालच्या कडेला डावीउजवीकडे दोन कुबडं आणि त्यांच्यामधून सरकणारा सोनेरी चंद्र. विक्रेता ‘मूनफेज’ म्हणतो, १२२ वर्षांची अचूकता सांगतो आणि किंमत सांगताना आवाज जरा खाली आणतो. ती खिडकी वाचायची कशी, घेताना काय पारखायचं आणि घरी आणल्यावर चंद्र लावायचा कसा, हे मात्र काउंटरवर क्वचितच कुणी समजावून सांगतं. बुलढाणा जिल्ह्यातल्या वाचकाला तशी अडचण यायचं कारण नाही. त्यासाठी लागणारी माहिती घरच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेली असते.

आपला महिना अमावास्येला संपतो. उत्तर भारतात तो पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे आणि दक्षिणेत अमावास्येला. घड्याळाची खिडकीही अमावास्येला रिकामी होते आणि मग डाव्या कुबडाआडून नवा चंद्र डोकावू लागतो. पंधरवड्यानं तो मधोमध येतो, पुढच्या पंधरवड्यात उजव्या कुबडाआड जातो. म्हणजे खिडकीतली चंद्राची एक फेरी हा आपला एक मराठी महिना. स्वित्झर्लंडच्या कारागिराच्या हे ध्यानीमनीही नसेल, पण त्यानं बनवलेली खिडकी आपल्या चैत्र-वैशाखाशी चपखल जुळते.

ती वाचायला शिकायची तर जिल्ह्यातले सणवारच घ्या. गुढीपाडव्याला खिडकी जवळजवळ रिकामी, फार तर सोनेरी कड दिसेल. अक्षय्य तृतीयेला, भेंडवळला घटमांडणी होते त्या संध्याकाळी, पातळ कोर. ऋषिपंचमीला, शेगावात गजानन महाराजांचा समाधी उत्सव असतो तेव्हा, कोर थोडी भरलेली. शुद्ध अष्टमीला अर्धा चंद्र बाहेर. होळीला, सैलानीची यात्रा भरलेली असते तेव्हा, चंद्र बरोब्बर मध्यावर. महाराजांचा प्रकटदिन माघ वद्य सप्तमीचा. त्या दिवशी चंद्र उजव्या कुबडाआड निम्मा गेलेला हवा. लक्ष्मीपूजनाला खिडकी रिकामी. एवढं डोक्यात बसलं की घड्याळ बघून तिथीचा अंदाज येतो आणि तिथी बघून घड्याळ चुकलंय का, हेही कळतं.

अंदाजच म्हणायचा, कारण खिडकीला मर्यादा आहेत. अष्टमीनंतर आकाशातला चंद्र फुगीर दिसतो. घड्याळातला मात्र ग्रहण लागल्यासारखा कुरतडलेला दिसतो, कारण त्याला झाकणारं कुबड गोल आहे. कोरीचंही तसंच. तबकडीवर ती उभी असते, युरोपातून दिसते त्याच्या जवळपास. आपण विषुववृत्ताच्या बरेच जवळ, साधारण साडेवीस अक्षांशावर राहतो. आपली कोर, विशेषतः फाल्गुन-चैत्रातली द्वितीया-तृतीयेची, पश्चिमेला जवळजवळ आडवी पडलेली असते. पाडव्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सूर्य मावळल्यावर अंगणात जाऊन बघा आणि मग मनगटाकडे बघा. दोन्ही खरेच, फक्त उभं राहायची जागा वेगळी.

आणखी एक समज आधीच काढून टाकलेला बरा. हे घड्याळ चंद्राचं वय सांगतं, चंद्रोदयाची वेळ सांगत नाही. संकष्टीचा उपास सोडायला त्याचा काडीचा उपयोग नाही. त्यासाठी कॅलेंडरातली चंद्रोदयाची वेळच बघायची आणि तीही आपल्या गावाची. बुलढाणा मुंबईच्या सव्वातीन अंश पूर्वेला आहे, त्यामुळे इथे चंद्र मुंबईच्या साधारण तेरा मिनिटं आधी उगवतो.

आता खिडकीच्या आत बघू. अमावास्येपासून अमावास्येपर्यंत सरासरी २९ दिवस, १२ तास, ४४ मिनिटं आणि जेमतेम तीन सेकंद लागतात. चाकाला साडेएकोणतीस दाते पाडता येत नाहीत. म्हणून कारागिरांनी हिशेब दुप्पट केला. चकतीवर एकाऐवजी दोन चंद्र रंगवले, समोरासमोर, आणि तिला ५९ दाते दिले. रोज एक दाता पुढं. एक चंद्र खिडकीतून जातो तेव्हा दुसरा तबकडीखाली वाट बघत असतो. ५९ दिवसांत चकती एकदा पूर्ण फिरते आणि दोन महिने होतात. युक्ती साधी आहे आणि आजही बहुतेक घड्याळांत तीच असते.

तिच्यात महिन्याला ४४ मिनिटांची तूट राहते. साठत साठत साधारण दोन वर्षं आणि साडेसात महिन्यांत तिचा पूर्ण एक दिवस होतो. ही तूट कमी करायला काही कंपन्या जास्तीची चाकं घालून १३५ दात्यांची चकती वापरतात. तिथं महिन्याची चूक मिनिटभराच्या आत येते आणि एक दिवस चुकायला १२२ वर्षं लागतात. विक्रेता सांगतो ती १२२ वर्षं हीच. ‘ए. लांगे उंड झ्योने’च्या ‘१८१५ मूनफेज’मध्ये हाच आकडा १०५८ वर्षांवर गेला आणि २०२४ साली आयडब्ल्यूसीनं साडेचार कोटी वर्षांचा दावा असलेलं घड्याळ बाजारात आणलं.

माझं मत विचाराल तर या आकड्यांवर फार भाळू नका. हे सगळे हिशेब सरासरी महिन्याचे आहेत. आकाशातला चंद्र सरासरीनं चालत नाही. कधी वेगानं जातो, कधी रेंगाळतो, म्हणून तर पंचांगात तिथीचा क्षय होतो आणि वृद्धी होते. एखादी तिथी वीस तासांत आटोपते, एखादी सव्वीस तासांच्याही पुढं जाते. खरी पौर्णिमा सरासरीच्या हिशेबापेक्षा बारा-चौदा तासांपर्यंत मागंपुढं होऊ शकते. म्हणजे साडेचार कोटी वर्षांचं घड्याळही एखाद्या महिन्यात अर्धा दिवस चुकलेलं दिसणारच. जास्तीच्या चाकांत कारागिरी आहे, ती बघून आनंद होत असेल तर पैसे जरूर मोजा. पण चंद्र जास्त खरा दिसेल म्हणून मोजू नका. चंद्राची गती थोडक्या आकड्यांत बसवायचं काम आपल्याकडेही झालंय. नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५२० साली ‘ग्रहलाघव’ लिहिलं, ते किचकट त्रिकोणमिती टाळून ग्रहगणित सोपं व्हावं म्हणूनच. पुढं कित्येक पिढ्यांची पंचांगं त्यावरून निघाली.

घेताना पहिली परीक्षा अगदी सोपी आहे. चावी ओढून काटे हातानं पुढं फिरवा, चोवीस तास पुढं न्या. तेवढ्यात खिडकीतला सूर्य जाऊन चंद्र आला आणि परत सूर्य आला, तर ती चंद्रकला नव्हे. ती दिवस-रात्र दाखवणारी चकती आहे. ओरिएंटच्या ‘सन अँड मून’ घड्याळांत अशीच चकती असते आणि कंपनी तसं उघड सांगते. पण ऑनलाइन बाजारात अशी कितीतरी स्वस्त घड्याळं ‘मूनफेज’ म्हणून खपवली जातात. खऱ्या चंद्रकलेची चकती चोवीस तासांत एकच दाता सरकते, म्हणजे हलली न हलली एवढीच.

दुसरी परीक्षा भिंगाची. दहापट दाखवणारं भिंग दुकानात मागितलं तर चांगला विक्रेता नाही म्हणत नाही. आधी खिडकीची कड बघा. चांगल्या घड्याळात ती तासून घासलेली, धारदार असते. हलक्यात पत्र्याला साच्यानं पाडलेलं भोक असतं, कडेवर रंगाचा थेंब साकळलेला. मग चंद्र बघा. छापलेला असेल तर भिंगाखाली ठिपके दिसतात. कोरलेला किंवा सोन्याचा पत्रा बसवलेला असेल तर उजेड फिरवला की त्याची छटा बदलते. निळा रंग एनॅमलचा, लाखेचा की काचेचा, हेही विचारा. अ‍ॅव्हेंच्युरीन नावाची व्हेनिसची काच असते, तिच्यात तांब्याचे कण चमकतात. रात्रीच्या आभाळासाठी याहून सुंदर जिन्नस मी पाहिलेला नाही. मागच्या झाकणाला काच असेल तर आतले निळे स्क्रू न्याहाळा. पोलाद साधारण ३०० अंशांपर्यंत सावकाश तापवलं की त्यावर निळा रंग चढतो आणि तो उजेडात जांभळ्याकडे झुकतो. रंग फासलेला स्क्रू सगळीकडून सारखाच निळा दिसतो.

शेवटी बटण दाबून बघायची परवानगी मागा. केसच्या कडेला एक बारीक खळगी असते, तिच्यात कंपनीनं दिलेली काडी टेकवून दाबायचं. आधी किंचित ताण लागतो. दात्याला धरून बसलेली पातळ कमान उचलली जाते, चकती अर्धी सरकते आणि कमान पुढच्या खाचेत पडते तेव्हा बोटाला ‘टक्’ असं लागतं. ते ठाम हवं. चकती दोन दात्यांत रेंगाळली, थरथरली किंवा चंद्र कलता थांबला, तर ते घड्याळ ट्रेमध्ये परत ठेवा. सुईनं किंवा टाचणीनं हे काम कुणालाही करू देऊ नका. केसवर ओरखडा पडतो तो कायमचा.

लोणारचे वाचक खास विचारतील म्हणून उल्कापाषाणाबद्दलही लिहितो. रोलेक्सनं २०१७ साली ‘चेलिनी मूनफेज’ आणलं, त्यातला पूर्णचंद्र उल्कापाषाणाचा होता. अशा लोखंडी उल्का लाखो वर्षं इतक्या सावकाश थंड झालेल्या असतात, की कापून आम्लानं धुतल्यावर त्यांवर आडव्यातिडव्या पट्ट्यांची जाळी उमटते. ती जाळी कारखान्यात बनवता येत नाही. आपल्या लोणारचं विवरही उल्काघातानंच झालं, १.८ किलोमीटर व्यासाचं आणि बेसॉल्ट खडकात. चंद्रावरच्या काळ्या मैदानांतली विवरंही तशाच खडकात असल्यानं शास्त्रज्ञ दोन्हींची तुलना करतात. पण ज्या उल्केनं हे केलं, ती त्या आघातातच नष्ट झाली. तिच्या तुकड्यांतून तबकड्या कापता येतील असं काही तिथं मिळत नाही. म्हणून ‘लोणारच्या उल्केचा चंद्र’ असं सांगून कुणी घड्याळ दाखवलं तर तिथून निघा. आणि सरोवराचा परिसर अभयारण्य आहे, तिथला दगड खिशात घालून कारागिराकडे न्यायचा विचारही नको.

जुनं घड्याळ घेणाऱ्यांनी दुप्पट सावध राहायचं. चंद्रकला मनगटी घड्याळात तशी उशिरा आली. पाटेक फिलिपनं १९२५ साली मनगटी घड्याळात चंद्रकलेसह पंचांगाची पूर्ण यंत्रणा बसवली. त्याआधी ही खिडकी खिशातल्या घड्याळांत असायची. पुढं क्वार्ट्झच्या लाटेत ती जवळपास विसरली गेली आणि १९८३ साली ब्लांपेनं तिला पुन्हा बाजारात आणलं. त्यामुळे १९६०-७० मधलं भारतात विकलेलं चंद्रकलेचं घड्याळ सांगून कुणी रंगीत तबकडीचा माल पुढं केला, तर शंका घ्या. जुनी यंत्रं घेऊन त्यांवर नवी तबकडी रंगवायचा धंदा इतका चालतो की जगभरचे संग्राहक त्या मालाला ‘मुंबई स्पेशल’ म्हणून ओळखतात. घरात आजोबांचं, पणजोबांचं चांदीचं खिशातलं घड्याळ असेल तर गोष्ट वेगळी. मागचं झाकण उघडून आतला शिक्का बघा. ०.८०० किंवा ०.९३५ असा आकडा स्विस चांदीचा कस सांगतो. तो पारखायला लांब जायला नको. रजतनगरी म्हणून नाव असलेलं खामगाव जिल्ह्यातच आहे. फक्त यंत्र केसमधून काढल्याशिवाय केस चमकवायला देऊ नका. पॉलिशची भुकटी आत गेली तर चाकांची वाट लागते, आणि चमकवण्याच्या नादात जुना शिक्का पुसला जातो, तो वेगळाच तोटा.

कागदपत्रांत हयगय नको. दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम विक्रेत्याला रोखीनं घेता येत नाही. २२ एप्रिल २०२५ पासून दहा लाखांवरच्या मनगटी घड्याळावर विक्रेता एक टक्का टीसीएस वसूल करतो. तो तुमच्या आयकर विवरणपत्रात वळता होतो, म्हणून पावती जपा. भारत आणि स्वित्झर्लंडसह चार देशांमधला व्यापार करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झालाय. स्विस घड्याळांवरची आयात जकात त्यामुळं टप्प्याटप्प्यानं उतरणार आहे. घाई नसेल तर थांबण्यात फायदा असू शकतो. दुबईहून येणाऱ्या भाच्याला हातात घालून आणायला सांगायची आपल्याकडे सवय आहे, पण विमानतळावर घोषित न केलेलं घड्याळ जप्त होऊ शकतं. नातं आणि घड्याळ दोन्ही धोक्यात घालण्यात अर्थ नाही.

आता चंद्र लावायचा. घड्याळ चालू करा आणि काटे पुढं फिरवत तारीख कधी बदलते ते बघा. ती बदलते तेव्हा मध्यरात्र. तिथून पुढं काटे सकाळी सहा-साडेसहाला आणून ठेवा. हे अशासाठी, की साधारण रात्री आठ-नऊ ते पहाटे तीन या वेळात तारखेची आणि चंद्राची चाकं आतून गुंतलेली असतात. त्या वेळात बटण दाबलं तर दाता तुटू शकतो, आणि तो खर्च हमीत बसत नाही. मग काडीनं बटण दाबत चंद्र खिडकीच्या बरोबर मध्यावर आणा. कालनिर्णयात मागची पौर्णिमा शोधा आणि तिच्यापासून आजपर्यंत जितके दिवस झाले तितक्या वेळा बटण दाबा.

दिवस मोजायचे, तिथ्या नव्हेत. उदाहरणार्थ, पौष पौर्णिमा, म्हणजे तिथीनं जिजाऊ जयंती, २०२६ साली ३ जानेवारीला आली. त्यानंतरची अंगारकी संकष्टी ६ जानेवारीला, मंगळवारी. तिथी चौथी, पण दिवस तीनच झाले. तर बटण तीनदा दाबायचं. चौथ्यांदा दाबलं तर घड्याळ पहिल्याच आठवड्यात एक दिवस पुढं. नंतर घड्याळाला नीट चावी द्या आणि मग खरी वेळ लावा, पण दुपार आहे की सकाळ, हे बघून. तिथं चुकलं तर तारीख आणि चंद्र भरदुपारी बदलायला लागतात. काही घड्याळांत, जसं फ्रेडरिक कॉन्स्टंटच्या ‘स्लिमलाइन मूनफेज’मध्ये, हे सगळं चावीनंच होतं, बटण नसतंच. तेव्हा पुस्तिका आधी वाचा.

चावीचं घड्याळ असेल तर रोज ठरावीक वेळेला, सकाळी, मनगटावरून काढून चावी द्या. ती अडली की थांबा. कपाटात महिनोन्महिने पडून राहणारं घड्याळ घ्यायचं असेल तर चंद्रकलेच्या नादी लागू नका. प्रत्येक वेळी ते सगळं पुन्हा लावत बसावं लागेल. घाटाखाली, मलकापूर-नांदुऱ्याकडे, उन्हाळ्यात गाडीच्या डॅशबोर्डवर ते विसरू नका. तेल पातळ होतं आणि पट्ट्याचं चामडं आवळतं. जिनिंगमध्ये कामाला असाल तर ते घरीच ठेवा. मोबाइलच्या चुंबकी कव्हरशेजारी रात्रभर ठेवलेलं घड्याळ सकाळी मिनिटामिनिटानं पुढं धावायला लागलं तर घाबरू नका, दुरुस्तीवाल्याकडे चुंबकत्व काढायचं यंत्र असतं. आणि ‘३० मीटर’ लिहिलंय म्हणून घड्याळ घालून विहिरीत उडी मारायची नाही. तो आकडा हात धुताना उडणाऱ्या पाण्यापुरताच समजायचा.

राहिली ती ४४ मिनिटांची तूट. ‘अडीच-तीन वर्षांनी एकदा बटण दाबा’ असा सल्ला सर्रास मिळतो आणि तो साफ उलटा आहे. ५९ दात्यांचा महिना खऱ्या महिन्याहून लहान असल्यानं घड्याळातला चंद्र पुढं गेलेला असतो. बटण दाबलं तर तो आणखी पुढं जाईल. त्याला एक दिवस थांबवायला हवं. कधी थांबवायचं, हे लक्षात ठेवायला आपल्याकडे अधिक मास आहे. एकोणीस वर्षांत सात अधिक मास येतात आणि तेवढ्याच काळात हे घड्याळ सात दिवसांहून किंचित जास्त पुढं जातं. म्हणून प्रत्येक अधिक मासात घड्याळाला एक दिवस सुट्टी द्या. २०२३ साली अधिक श्रावण होता, २०२६ साली १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ. त्यातल्या एखाद्या सकाळी दहाला चावी ओढून ठेवा. बहुतेक घड्याळांचा सेकंदकाटा तिथंच थांबतो. घड्याळ डबीत ठेवा, दुसऱ्या दिवशी दहालाच चावी आत दाबा, तारीख एक दिवस पुढं करा आणि चंद्राला हात लावू नका. चावी ओढून जे थांबत नाही ते पूर्ण उतरू द्या आणि मग पौर्णिमेपासून मोजून नव्यानं लावा. १३५ दात्यांच्या घड्याळाला यातलं काही लागत नाही.

पाच-सहा वर्षांनी सर्व्हिसिंग येतंच. आपल्या गावचा घड्याळजी एचएमटी डोळे मिटून उघडतो, पण चंद्रकलेची चकती आणि तिची कमान त्याच्या रोजच्या हातातली नाही. हे काम कंपनीच्या केंद्राकडेच द्यायचं. तेव्हा विकत घेतानाच विचारून ठेवा, की घड्याळ मुंबईला जाईल, पुण्याला जाईल की देशाबाहेर, किती महिने लागतील आणि वाटेतला विमा कुणाच्या नावावर. पाठवण्याआधी तबकडीचा आणि मागच्या क्रमांकाचा फोटो काढा, आणि बटण दाबायची काडी मात्र सोबत पाठवू नका, घरीच ठेवा.